नेस्टेड डेटा मेमरी किती घेतो: ३६ केबी की १.४ जीबी?

मालवणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. एका मच्छीमार सोसायटीसाठी पायथन ३.१० मध्ये प्रोग्राम लिहिलाय. सर्वांत बाहेर एक डिक्शनरी (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा साठा), तिच्यात सुमारे १,२०० नौका, प्रत्येक नौकेखाली वर्षं आणि प्रत्येक वर्षाखाली उतरवलेल्या मासळीच्या नोंदींची यादी. अशा १५ लाख नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे पाच फील्डची छोटी डिक्शनरी: जात, वजन, दर, प्रत (म्हणजे दर्जा), तारीख. बाहेरच्या डिक्शनरीवर सिस मॉड्यूलमधलं गेटसाइझऑफ हे आकार सांगणारं फंक्शन चालवलं तर साधारण ३६ केबी येतात. चालू प्रोग्रामची मेमरी दाखवणारी टॉप कमांड त्याच प्रोसेससमोर १.४ जीबी दाखवते. सोसायटीच्या कार्यालयातला संगणक ४ जीबीचा. हा प्रोग्राम मेमरी किती घेतो हे सेक्रेटरींना लेखी हवंय, कारण नवीन मशीन घ्यायचं की नाही ते त्यावर ठरणार. मग यातला खरा आकडा कुठला?

दोन्ही खरे आहेत. पण सेक्रेटरींच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन्हींत नाही. मी रत्नागिरीत बसून बरीच वर्षं अशाच स्वरूपाचे प्रोग्राम लिहितोय आणि या प्रश्नावर स्वतः ठेचकाळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ३६ केबीचं बघू. गेटसाइझऑफ फक्त समोरच्या एका ऑब्जेक्टचं माप देतं. डिक्शनरीच्या पोटात नौका नसतात, नौकांच्या डेटाचे पत्ते असतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर एखाद्या व्यापाऱ्याची खातेवही तराजूत ठेवलीत तर वहीचं वजन कळेल. आत सातशे किलो सुरमई लिहिलेली असली म्हणून वही जड होत नाही. तुम्ही वही तोललीत. ६४ बिटच्या पायथनमध्ये रिकामी यादी ५६ बाइटची आणि पुढे प्रत्येक घटकाला ८ बाइट, मग तो घटक एक आकडा असो की अख्खी दुसरी डिक्शनरी. यात चूक काही नाही, या फंक्शनचं काम तेवढंच आहे.

आता एक नोंद उघडून तिचा खरा खर्च मांडू. हा हिशेब एकदा हाताने करून बघाच. एकदा केलात की पुढे कुठलंही साधन काय सांगतंय ते नुसत्या नजरेनं ताडता येतं.

पायथन ३.१० मध्ये पाच फील्डच्या डिक्शनरीला २३२ बाइट लागतात. सहावं फील्ड घातलंत की एकदम ३६०, कारण आतला तक्ता टप्प्याटप्प्याने वाढतो. म्हणजे उद्या कोणी ‘शेरा’ नावाचं फील्ड वाढवा म्हटलं, तर त्यात एक अक्षरही न लिहिता नोंदीमागे १२८ बाइट गेले. १५ लाख नोंदींवर ते १९ कोटी २० लाख बाइट होतात. फील्ड वाढवण्याआधी हे कोणी मोजत नाही.

मग मूल्यं. वजन आणि दर हे दशांश आकडे, प्रत्येकी २४ बाइट. तारीख ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी, दहा साध्या अक्षरांची. साध्या आस्की, म्हणजे रोमन अक्षरं-अंकांच्या, स्ट्रिंगला (मजकुराला) ३.१० मध्ये ४९ बाइट मुळातले आणि अक्षरामागे एक, म्हणजे ५९. जातीचं नाव मात्र देवनागरीत आहे, आणि तिथे आपल्या भाषेचा वेगळा हिशेब लागतो. पायथन ३.३ पासून स्ट्रिंग तिच्यातल्या सर्वांत ‘रुंद’ अक्षराप्रमाणे साठवली जाते. देवनागरीला प्रत्येक संकेतचिन्हामागे दोन बाइट लागतात आणि मुळातला खर्च ७४. ‘बांगडा’ आपण तीन अक्षरांचा म्हणतो, पण काना, अनुस्वार सगळं सुटं मोजलं जातं, म्हणून संकेतचिन्हं सहा. ७४ अधिक १२, म्हणजे ८६ बाइट. हाच शब्द फाइलीत यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १८ बाइटचा असतो. त्यामुळे ‘फाइल एवढी, म्हणून मेमरी एवढी’ असा अंदाज कधी बांधू नका. प्रत म्हणून नुसतं ‘अ’ लिहिलं तरी ७६ बाइट. आणि शेऱ्यात कोणी मासळीचं चित्र, म्हणजे इमोजी, टाकलं की ती सगळी स्ट्रिंग अक्षरामागे चार बाइटवर जाते.

बेरीज करा: २३२, ८६, २४, २४, ७६, ५९. झाले ५०१.

अजून एक खर्च राहिलाय आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: फील्डची नावं. तुम्ही लिहिलंय की डेटा जेसन या मजकुराच्या स्वरूपात आहे, ओळीला एक नोंद, आणि प्रत्येक ओळ वेगळी वाचली जाते. पायथनचं जेसन मॉड्यूल एका वाचनात तेच फील्डनाव पुन्हा आलं तर आधीचीच स्ट्रिंग वापरतं. पण वाचन संपलं की ती आठवण पुसली जाते. दुसऱ्या ओळीला सगळं नव्याने. म्हणजे तुमच्याकडे ‘वजन’ या फील्डच्या नावाच्या १५ लाख प्रती आहेत. नावं पाच-पाच रोमन अक्षरांची धरली तर प्रत्येकी ५४ बाइट, पाच नावांचे २७०. नोंदीचा खर्च ७७१ वर गेला. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसत्या मथळ्यांचा आहे.

१५ लाख गुणिले ७७१ म्हणजे सुमारे ११५ कोटी ६५ लाख बाइट. त्यातही पायथन छोट्या ऑब्जेक्टना जागा देताना १६ बाइटच्या पटीत देतं. २४ मागितले की ३२ मिळतात, ८६ मागितले की ९६. ते धरलं तर नोंदीमागे ८६४ आणि एकूण १२९ कोटी ६० लाख. हजाराच्या हिशेबाने १.३ जीबी, १०२४ च्या हिशेबाने १.२१. टॉप १०२४ च्या हिशेबाने दाखवतं, म्हणून त्याच्या १.४ मधून १.२१ वजा केले तर उरतात साधारण २०० एमबी. त्यात खुद्द इंटरप्रिटर (प्रोग्राम चालवणारं पायथन), लायब्ररी, याद्यांमध्ये पुढच्या वाढीसाठी राखलेली जागा आणि मोकळी होऊनही परत न गेलेली मेमरी. फाइल एकदम सगळी वाचून मग ओळी पाडल्या असतील तर हा भाग जास्तच असणार.

ही परत न जाणारी मेमरी सेक्रेटरींना समजावताना तुमची पंचाईत होईल. पायथन ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोठाले तुकडे घेतं, ३.१० पासून एकेक मेबीबाइटचे (१०२४ केबीचे), आणि त्यात ५१२ बाइटपर्यंतचे छोटे ऑब्जेक्ट बसवतं. तुकडा पूर्ण रिकामा झाला तरच परत देता येतो. त्यात एखादी तारखेची स्ट्रिंग जरी जिवंत राहिली तरी अख्खा तुकडा अडकून पडतो. म्हणून तुम्ही निम्म्या नोंदी काढून टाकल्यात आणि टॉपमधला आकडा तसाच राहिला, तर लगेच ‘गळती आहे’ म्हणू नका. ती जागा पुढच्या नोंदींना वापरली जाते.

आता मोजायचं कसं. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मुळापासून सुरुवात करून प्रत्येक ऑब्जेक्टपाशी जायचं, त्याचं गेटसाइझऑफ बेरजेत घालायचं, मग त्याच्या पोटातल्यांकडे वळायचं. डिक्शनरी असेल तर नावं आणि मूल्यं दोन्ही, यादी किंवा टपल (न बदलणारी यादी) असेल तर घटक, तुमच्या स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट असेल तर त्याची अंतर्गत डिक्शनरी किंवा स्लॉट (फील्डसाठी आधीच ठरवलेल्या जागा). रिकर्जनपेक्षा, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्यापेक्षा, स्वतःची एक यादी ठेवून चाला, कारण रिकर्जनची मर्यादा मुळात १,००० असते आणि खोल रचना तिथे आपटते. क्लास, मॉड्यूल, फंक्शन यांच्यापाशी मात्र थांबायचं. त्यांच्यातून पुढे गेलात तर धाग्याला धागा लागत अख्खा इंटरप्रिटर तुमच्या बेरजेत येईल.

आणि भेट दिलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची ओळख (आयडी क्रमांक) एका सेटमध्ये, म्हणजे एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात, ठेवायचीच. रचनेत चक्र असेल तर ती नसताना फेरी कधी संपणारच नाही, हे एक कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण मी किंमत मोजून शिकलो. एका आंबा पॅकिंगवाल्यांचा ऑर्डरचा प्रोग्राम ऐन एप्रिलमध्ये रात्री बंद पडू लागला होता. गावांची नावं, पेटीचे प्रकार पुन्हा पुन्हा साठवले जात होते, म्हणून मी त्या स्ट्रिंग इंटर्न केल्या, म्हणजे एका नावाची एकच प्रत. मोजलं तर आकडा तसूभर हलला नाही. उपाय फोल ठरला असं समजून मी तो काढून टाकला आणि दोन रात्री भलतीकडे शोधत बसलो. दोष मोजणाऱ्या फंक्शनमध्ये होता. माझ्या फंक्शनमध्ये हा सेट नव्हता, त्यामुळे ‘मुंबई’ ही एकच स्ट्रिंग ते जितक्या ऑर्डर तितक्या वेळा मोजत होतं. पहिल्याच दिवशी उपाय बरोबर होता. ऐन हंगामात त्या लोकांचे दोन दिवस माझ्यामुळे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मोजणारं फंक्शन आधी एका लहान, उत्तर माहीत असलेल्या रचनेवर तपासल्याशिवाय मी त्याचा आकडा कोणाला देत नाही. एक मोठी स्ट्रिंग घ्या, ती एका यादीत शंभर वेळा ठेवा. बेरीज स्ट्रिंगच्या आकाराच्या आसपास आली पाहिजे, शंभरपट नव्हे.

तयार साधनंही याच जागी वेगवेगळं वागतात. पिम्प्लर या लायब्ररीतलं एसाइझऑफ सामायिक ऑब्जेक्ट एकदाच मोजतं. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत ऑब्जेक्ट प्रकारच्या कॉलमची मेमरी ‘डीप’ पर्यायाने विचारली तर ते प्रत्येक ओळीतल्या स्ट्रिंगचा आकार मिळवत जातं, प्रत तीच असली तरी. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेचा एक काप घेतलात तर गेटसाइझऑफ नुसत्या वरच्या आवरणाचा आकार सांगतं, कारण डेटा मूळ अ‍ॅरेच्या मालकीचा. साधन कुठलंही घ्या, ते सामायिक गोष्टी कोणाच्या नावावर टाकतं हे आधी बघा.

मोजण्याचा स्वतःचाही खर्च असतो आणि तुमच्या बाबतीत तो लहान नाही. नोंदीमागे डिक्शनरी एक, मूल्यं पाच, नावं पाच असे अकरा ऑब्जेक्ट. १५ लाखांचे १ कोटी ६५ लाख. भेट दिलेल्यांच्या सेटमध्ये एवढ्या ओळखी ठेवायच्या तर तो सेटच एक जीबीच्या घरात जाईल. ४ जीबीच्या मशीनवर मोजायला बसाल आणि मशीनच झोपेल. शिवाय ३.११ पासून तुमच्या क्लासच्या ऑब्जेक्टची अंतर्गत डिक्शनरी कोणी मागेपर्यंत बनतच नाही. मोजणाऱ्याने मागितली की बनते, आणि मोजण्यामुळेच मेमरी वाढते.

म्हणून मी पूर्ण डेटा कधी मोजत नाही. ५० नौका वाचून मोजायचं, मग नव्याने सुरुवात करून १०० नौका वाचून मोजायचं. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे जादा ५० नौकांचा खर्च. १०० नौकांच्या आकड्याला सरळ बाराने गुणू नका. माशांच्या जातींची नावं, दर्जे, तारखा एकदा सामायिक केल्या की त्या नौकांबरोबर वाढत नाहीत, एकदाच लागतात. वजाबाकीत तो स्थिर भाग आपोआप गळतो. फक्त नौका निवडताना ट्रॉलर, पर्ससीन आणि लहान होड्या यांचं प्रमाण दोन्ही वेळी सारखं ठेवा, कारण सगळ्यांच्या नोंदी सारख्याच संख्येने नसतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नवीन नोंदी फारशा येत नाहीत. आकडे पाठीमागे फारसे हलत नसतात, म्हणून असलं काम मी त्याच दिवसांत उरकतो.

या आकड्याचा पडताळा ट्रेसमॅलॉकने घ्या. ते पायथन ३.४ पासून सोबतच येतं. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला चालू करायचं, नाहीतर आधी घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. आत्ताची मेमरी आणि आजवरचं शिखर असे दोन आकडे ते देतं, आणि कुठल्या ओळीने किती घेतली तेही. त्याने प्रोग्राम मंदावतो आणि मेमरीही वाढते, म्हणून तेही नमुन्यावरच चालवा. ते मागितलेले बाइट मोजतं, १६ च्या पटीत वाढवून दिलेले नव्हे. म्हणजे तुमच्या बाबतीत ते ८६४ पेक्षा ७७१ च्या जवळ आलं पाहिजे. फारच वेगळं आलं तर तुमच्या फेरीत काहीतरी सुटलंय.

राहिला अहवाल. इथे ‘मेमरी’ या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न असतात. हा डेटा पूर्ण काढून टाकला तर किती जागा सुटेल? प्रोग्राम चालताना सर्वाधिक किती लागली? आणि पुढच्या वर्षी लाखभर नोंदी वाढल्या तर किती लागेल? मशीन घेण्याचा निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्यावर होतो, पहिल्यावर नाही. दुसऱ्यासाठी प्रोसेसचं शिखर द्या. रिसोर्स मॉड्यूल ते देतं, पण लिनक्सवर केबीत आणि मॅकवर बाइटमध्ये, हे विसरलात तर हजारपट चूक होईल. तिसऱ्यासाठी वजाबाकीतून आलेला नोंदीमागचा खर्च द्या.

नौकानिहाय तक्ता देणार असाल तर प्रत्येक नौकेसमोर फक्त तिच्या एकटीच्या मालकीची मेमरी लिहा आणि सामायिक जातीनावं, तारखा यांची एक वेगळी ओळ शेवटी ठेवा. सामायिक भाग प्रत्येकीत धरलात तर तक्त्याची बेरीज एकूण आकड्यापेक्षा मोठी येते आणि सभेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मी सेक्रेटरींना असं लिहून दिलं असतं: ‘पायथन ३.१०, ६४ बिट. १५ लाख नोंदी भरल्यावर प्रोसेसची मेमरी १.४ जीबी, १०२४ च्या हिशेबाने. त्यातली सुमारे १.२ नोंदींची. एका नोंदीला सरासरी ८६४ बाइट, म्हणजे आणखी १ लाख नोंदींना सुमारे ८२ एमबी. हे नोंदीच्या रचनेवरून काढलेलं गणित आहे, ५० आणि १०० नौकांवर मोजून पडताळलं.’ शेवटचं वाक्य अर्थातच पडताळल्यावर. आणि ‘मोजलं’ आणि ‘काढलं’ हा फरक लिहायला लाजू नका. वाचणारा त्यावर पैसे खर्च करणार आहे.

पण हा कागद देण्याआधी थोडं थांबा, कारण मला वाटतं नवीन मशीन लागणारच नाही. फील्डची नावं, जात, प्रत आणि तारीख इंटर्न करा. वाचनाच्या कोडमध्ये दोन-चार ओळींचा बदल आहे. मग नोंदीमागे उरते डिक्शनरी आणि दोन आकडे, पटीत धरून ३०४ बाइट. १५ लाखांचे ४५ कोटी ६० लाख, म्हणजे आधीच्या जवळजवळ एक तृतीयांश. डिक्शनरीऐवजी स्लॉट असलेला क्लास वापरलात तर १४४ बाइट आणि साडेएकवीस कोटींच्या आसपास. तिथपर्यंत जायचं की नाही हे बाकीचं किती कोड नोंदीला डिक्शनरी समजून चालतं त्यावर आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. पायथन ३.१२ वर गेलात तर स्ट्रिंगचा मुळातला खर्चही घटतो, ‘बांगडा’ ८६ वरून ७० वर येतो. पण इंटर्न केल्यावर त्याचा फायदा नगण्य, म्हणून निव्वळ त्यासाठी आवृत्ती बदलू नका.

आधी इंटर्न न करता ५० आणि १०० नौकांचे आकडे काढा, मग करून काढा. ते चार आकडे आणि फाइल कशी वाचता ते कळवा. वजाबाकी ८६४ आणि ३०४ च्या जवळपास आली नाही, तर एखादी नोंद मी धरली त्यापेक्षा वेगळी आहे, ती आपण शोधू.